झाडू साहेबाच्या हातात गेला तेव्हा

(हिंगोली इथं युवक कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेलं भाषण. बोललं तसं ठेवलं आहे.)

३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३. नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालय. चोवीस तासांत २४ माणसं मेली. त्यांत १२ नुकती जन्मलेली लेकरं. मग आणखी ७. अठ्ठेचाळीस तासांत ३१ मढी एका दवाखान्यातून निघाली.

३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील तिथं पोचले. त्यांनी संडास बघितला. संडास घाण होता. त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या, म्हणजे डीनच्या हातात झाडू दिला आणि कॅमेऱ्यासमोर त्यांच्याकडून संडास साफ करून घेतला. डीनने फिर्याद दिली. सरकारी कामात अडथळ्याचं कलम लागलं, अ‍ॅट्रॉसिटीचं कलम लागलं. अ‍ॅट्रॉसिटी लागली म्हणजे डीन सवर्ण नव्हते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. माणूस डॉक्टर झाला, प्रोफेसर झाला, डीनच्या खुर्चीवर बसला, आणि संडास दिसल्याबरोबर झाडू आला तो त्याच्याच हातात. खासदारांचा हेतू काय होता, तो कोर्टाचा विषय. फिर्याद रास्त होती, असं मी मानतो.

मला बोलायचंय ते दुसऱ्या दिवशीच्या पेपराबद्दल. डॉक्टर म्हणाले, अपमान. पुढारी म्हणाले, अपमान. संपादक म्हणाले, अपमान. सगळा महाराष्ट्र एका सुरात म्हणाला, डीनच्या हातात झाडू देणं हा अपमान आहे.

कबूल. शंभर वेळा कबूल. पण मग मला सांगा, ज्याच्या हातात तोच झाडू तीस वर्षं आहे, त्याचं काय? त्याच्या बापाच्या हातात होता, आजाच्या हातात होता, त्याचं काय? एका दुपारचा झाडू म्हणजे गुन्हा आणि जन्मभराचा झाडू म्हणजे नोकरी? झाडू तोच. संडास तोच. हात बदलला म्हणून महाराष्ट्र कळवळला. या कळवळ्यात जात उघडी पडली, दोस्तहो. हे काम माणसाला शोभत नाही, हे सगळ्यांना मनातून ठाऊक आहे. फक्त ज्यांना रोज करावं लागतं त्यांना कुणी माणसांत मोजत नाही.

आणि संडास घाण काम्हून होता, हे कुणी विचारलं? कॅमेऱ्याने विचारलं नाही. संडास माणसं साफ करतात. माणसं नेमावी लागतात. ती सरकारने नेमायची असतात. २०२१ च्या ऑक्टोबरात आरोग्य खात्याच्या गट क आणि गट ड च्या परीक्षा झाल्या. पेपर फुटले. खात्यातलेच अधिकारी पकडले गेले. परीक्षा रद्द झाली. पोटाला चिमटा काढून फॉर्मची फी भरलेली आपली पोरं घरी बसली. मग ६ सप्टेंबर २०२३ ला, म्हणजे नांदेडच्या मढ्यांच्या महिनाभर आधी, सरकारने जीआर काढला. सरकारी खात्यांना कंत्राटी माणसं पुरवायला ९ एजन्स्या. पोरं रस्त्यावर आली तेव्हा २० ऑक्टोबरला तो जीआर रद्द केल्याचं जाहीर करावं लागलं. पण एजन्सीचं राज्य काही त्या जीआरने सुरू झालं नव्हतं, आणि तो रद्द झाल्याने गेलंही नाही.

तुम्ही मुंबई-पुण्याची पोरं. तुम्हाला हिंगोली सांगतो. १ मे १९९९ ला परभणीतून फोडून हा जिल्हा केला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत, औंढा नागनाथ, असे पाच तालुके. वसमतची हळद तुमच्या डाळीत येते. औंढ्याच्या ज्योतिर्लिंगाला लांबलांबून लोक येतात. आणि इथल्या गरिबाचं दुखणं हाताबाहेर गेलं की एकच वाक्य कानावर येतं, 'नांदेडला न्या.' म्हणून नांदेडच्या संडासाची गोष्ट हिंगोलीचीच गोष्ट आहे.

आता सरकारी दवाखान्याच्या आत चला.

सरकारने नोकरांचे चार वर्ग केले. वर्ग एक, दोन, तीन, चार. आता त्याला गट अ, ब, क, ड म्हणतात. मनूने चार वर्ण केले, सरकारने चार वर्ग केले. वर जिल्हा शल्यचिकित्सक, मग वैद्यकीय अधिकारी, मग अधिसेविका, परिसेविका, अधिपरिचारिका, मग कक्षसेवक, आणि तळाला सफाईगार. पण मनूचं काम चारांवर भागलं नव्हतं. चारांच्या बाहेर पाचवा लागला होता. सरकारलाही लागला. हा पाचवा म्हणजे कंत्राटी. तो कोणत्याच वर्गात नाही. त्याचं नाव सेवापुस्तकात नाही. पगार एजन्सी देईल तेव्हा. रजा मागितली तर उद्या येऊ नको. पूर्वी आपण गावकुसाबाहेर होतो. आता मस्टरबाहेर आहोत.

आणि या पाचव्याला हाक काय मारतात? बाईला 'मावशी'. बाप्याला 'मामा'. कुठल्याही सरकारी दवाखान्यात जा. मावशी, फरशी पुसा. मामा, बॉडी हलवा. केवढी गोड नाती! पंचविशीचा शिकाऊ डॉक्टर पन्नाशीच्या बाईला मावशी म्हणतो. ऐकणाऱ्याला वाटतं, काय संस्कार आहेत! त्या डॉक्टरला विचारा, मावशीचं नाव काय? आडनाव काय? राहते कुठं? लेकरं किती? नाव ठाऊक नसतं. नातं दिलं की नाव विचारावं लागत नाही. सख्ख्या मावशीला आपण घरात पाटावर बसवतो. या मावशीने स्टाफरूममधल्या खुर्चीवर बसून बघावं. तिचा कप वेगळा, तो खिडकीत पालथा. डबा खायची जागा जिन्याखाली नाहीतर कपड्यांच्या गाठोड्यांशेजारी. कुणी तिला खुर्चीवर बसू नको असं तोंडाने म्हणत नाही. म्हणावं लागत नाही, यालाच व्यवस्था म्हणतात.

हल्ली मोठ्या सभागृहांतून 'कामाच्या ठिकाणचं वातावरण' या विषयावर प्रशिक्षणं होतात. भिंतीवर पडदा, चहा, बिस्किटं. वातावरण मोजायला एवढा खटाटोप कशाला? तीन प्रश्न विचारा. जेवणाची गाडी कोण ढकलतं आणि बेडपॅन कोण उचलतं? बाळंतपण झाल्यावर पेढा कुणाला मिळतो आणि वार कोण उचलतं? पीएम रूममध्ये कवटी कोण उघडतं आणि रिपोर्टवर सही कुणाची असते? तिन्ही उत्तरांपुढे माणसाचं आडनाव लिहा. वातावरण कळेल.

हे नवीन नाही. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगाराचे दोन शत्रू आहेत, असं बाबासाहेबांनी तिथं सांगितलं. तेवढं आपण पोस्टरवर लिहितो. पण त्याच भाषणात त्यांनी कामाच्या जागेचा बारीक हिशेब मांडला होता, तो कुणी लिहीत नाही. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला पोर्टर करत नाहीत. का? पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामं सांगतात, आणि सवर्ण स्टेशनमास्तरला आपला माणूस घरात चालत नाही. गिरणीतही तेच. पगार जास्त असलेल्या विणकामाच्या खात्याचं दार आपल्याला बंद, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा. लंकेशायरचं यंत्र आलं, वाफेचं इंजिन आलं, आणि विटाळ त्या यंत्राच्या आत जाऊन बसला. आज दवाखान्यात सोनोग्राफीचं यंत्र आलंय. विटाळाने जागा सोडलेली नाही.

पुढची गोष्ट ऐका. सफाई कामगार निवृत्त झाला किंवा मेला तर लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे त्याच्या वारसाला नोकरी मिळते. २४ फेब्रुवारी २०२३ ला त्याचा जीआरही निघाला. या देशात कुणाला जमीन वारशाने मिळते, कुणाला साखर कारखाना, कुणाला मतदारसंघ. आपल्याला झाडू वारशाने मिळतो. ही नोकरी सोडा असं मी म्हणणार नाही, तिच्यावर हजारो चुली पेटतात. ती टिकवण्यासाठी भांडलंच पाहिजे. पण हा वारसा कसला आहे हे ओळखून भांडा. कायम नोकरीसाठी लढायचं आणि त्याच वेळी लेकराला त्या नोकरीतून बाहेर काढायचं, ही दुहेरी लढाई आपल्या वाट्याला आलीय. आता कंत्राटदार आला. कायम पद गेलं, त्याच्याबरोबर वारसाहक्क गेला, पेन्शन गेली. झाडू तेवढा राहिला.

काही शहाणे म्हणतात, अहो, कोणतंही काम हलकं नसतं. कामात अर्थ शोधा. समाधान मिळेल.

दोस्तहो, या 'अर्थ' शब्दाकडे नीट बघा. आपल्या भाषेत अर्थ म्हणजे आशय, आणि अर्थ म्हणजे पैसा. ज्यांच्याकडे दुसरा अर्थ आहे ते आपल्याला पहिला शोधायला सांगतात.

सफाईच्या कामाला अर्थ नाही असं मी म्हणत नाही. मी म्हणतो, दवाखान्यात त्या कामाएवढा अर्थ दुसऱ्या फार थोड्या कामांना आहे, आणि तो अर्थ चोरला गेलाय. १८४७ सालची व्हिएन्नाची गोष्ट सांगतो. मोठं सरकारी रुग्णालय. बाळंतिणींचे दोन वॉर्ड. एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुइणी. डॉक्टरांच्या वॉर्डात बाळंतिणी कितीतरी जास्त मरायच्या. इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने शोधून काढलं की डॉक्टरमंडळी मुडदे फाडून येतात आणि तेच हात घेऊन बाळंतिणीला तपासतात. त्याने ब्लीचिंगच्या पाण्याने हात धुवायला लावले. मरणं धाडकन खाली आली. मोठे डॉक्टर खूश झाले? छे, खवळले. आमचे हात घाणेरडे? सेमेलवाइस हेटाळणी सोसत राहिला आणि १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात मेला.

विटाळ खरोखरच होता, दोस्तहो. पण तो जातीत नव्हता, हातात होता, आणि हात प्रोफेसरांचे होते.

म्हणजे आजच्या भाषेत काय? नवजात लेकराचा जीव जसा औषधाने वाचतो, तसाच स्वच्छ हाताने, स्वच्छ फरशीने, उकळलेल्या चादरीने वाचतो. जंतू रोखणं हे वैद्यकशास्त्र आहे. ते शास्त्र वॉर्डात रोज मावशी चालवते. पिवळ्या पिशवीत काय, लाल पिशवीत काय, निळ्यात काय, सुया-ब्लेड पांढऱ्या डब्यात, हे सगळं तिला पाठ असावं लागतं. चुकलं तर संसर्ग पसरतो. पण तिला कुणी आरोग्य कर्मचारी म्हणतं का? राऊंडला बोलावतं का? इन्फेक्शन वाढलं तर ते का वाढलं, हे तिला विचारतं का?

उलट तिचाच जीव टांगणीला. कचऱ्यात टाकलेली सुई तिच्या बोटात घुसते. रोग्याला कावीळ ब असेल आणि बाईला लस दिलेली नसेल, तर एका टोचण्यात लागण होण्याची शक्यता तीस टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के, पण त्याचं औषध जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि ७२ तासांच्या आतच सुरू करावं लागतं. २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम सांगतात की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ ब आणि धनुर्वाताची लस द्या, प्रशिक्षण द्या, हातमोजे-बूट द्या, वर्षातून एकदा तपासणी करा. प्रत्येकाला म्हणजे प्रत्येकाला, कंत्राटीलासुद्धा. वॉर्डातल्या मावशीला विचारा, तिसरा डोस कधी घेतला? ती विचारील, कसला डोस, दादा?

कामाला अर्थ येतो तो निवडीने, दामाने आणि शब्दाने. हे तिन्ही मी एकेक करून सांगतो.

आधी निवड. १८९७ साली पुण्यात प्लेग आला. सावित्रीबाई मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगचं पोर पाठीवर घेऊन यशवंताच्या दवाखान्यात गेल्या. त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. त्या कामातही घाण होती, मरण होतं. पण जात सांगून ते त्यांच्यावर कुणी लादलं नव्हतं. त्यांनी ते निवडलं. म्हणून ते काम आभाळाएवढं झालं. निवड नसलेल्या कामाला सेवा म्हणणं ही फसवणूक आहे. बाबासाहेबांनी हेच सांगितलं की जात श्रमाची वाटणी करून थांबत नाही, ती श्रम करणाऱ्या माणसांचीच वाटणी करते. आपल्या पोराला सफाईगार व्हायचं की टेक्निशियन की सर्जन, हे त्याच्या जन्माने ठरत असेल, तर त्या कामात अर्थ शोध म्हणणं ही टिंगल आहे.

मग दाम. आशा योजना २००५ ला आली. महाराष्ट्रात सुमारे ७० हजार आशा आहेत. गरोदर बाईची नोंद तीच करते, रात्री गाडी तीच बघते, लस तीच टोचून आणते, टीबीची गोळी तीच देते. कोविडात दारोदार तीच फिरली. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा जगासमोर सन्मान केला. पण सरकारच्या कागदावर ती कोण आहे? 'स्वयंसेविका'. तिला पगार नाही, 'मोबदला' आहे. जिनिव्हात टाळ्या आणि कळमनुरीत उधारी! २०२३ च्या दिवाळीआधी संप झाला, सात हजारांच्या वाढीचा शब्द मिळाला. शब्द कागदावर येईना. १२ जानेवारी २०२४ पासून पुन्हा संप. बाया आझाद मैदानावर बसल्या. मग मार्चमध्ये जीआर निघाला, वाढ पाच हजारांची. दोन हजार वाटेत कुठं सांडले? तरी हे पाच हजार कुणाच्या दयेने आले नाहीत, मैदानावर बसून आले, हे विसरू नका.

२२ मार्च २०२० ला थाळ्या वाजवल्या. ३ मे ला हेलिकॉप्टरमधून दवाखान्यांवर फुलं टाकली. त्याआधी २०१९ च्या कुंभमेळ्यात पंतप्रधानांनी सफाई कामगारांचे पाय धुतले. फुलं टाकली, ती गोळा कुणी केली? मावशीने. पाय धुतल्याने पगार वाढत नाही. पाय धुवू नका, हातमोजे द्या. पूजा करू नका, पावती द्या पगाराची.

आता शब्द. यंत्र तापतंय, वायर जळकी वास मारतेय, हे रात्री तीन वाजता पहिल्यांदा कुणाला कळतं? वॉर्डात जागणाऱ्या बाईला. पण तिच्या तोंडाला वजन नाही. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागली. १० लेकरं गेली. वरचे अधिकारी निलंबित झाले. कंत्राटी परिचारिकांना मात्र नोकरीतूनच काढलं आणि पुढं त्यांच्यावर गुन्हाही नोंदला. निलंबित माणूस परत येतो, काढलेली कंत्राटी येत नाही. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला, ११ रुग्ण मेले. काही दिवसांत एक महिला डॉक्टर आणि तीन परिचारिका अटकेत. चूक कुणाची ते कोर्टात ठरेल. पण दिशा बघा. अधिकार वर चढतो आणि जबाबदारी खाली घसरते. तळाला जो उभा असतो, त्याच्या डोक्यावर सगळं येऊन पडतं.

कुणी म्हणेल, आपली पोरं डॉक्टर झाली की बदलेल सगळं. व्हायलाच पाहिजेत डॉक्टर. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या दहा नव्या सरकारी मेडिकल कॉलेजांचं एकदम उद्घाटन झालं, त्यात आपलं हिंगोलीचंही आहे. शंभर जागा. मी आनंदाने टाळी वाजवतो. पण डॉ. पायल तडवी आठवा. जळगावकडची आदिवासी पोरगी. मुंबईच्या नायर रुग्णालयात एमडी करत होती. २२ मे २०१९ ला तिने जीव दिला. तीन सीनियर डॉक्टरणींनी जातीवरून छळल्याचा आरोप आहे, अ‍ॅट्रॉसिटीखाली खटला उभा राहिला. म्हणजे पांढरा अ‍ॅप्रन घातला तरी वातावरण तेच. मावशीचा कप वेगळा ठेवणारी खोलीच पायलला जगू देत नाही. तळ बदलला नाही तर वर चढलेला माणूस एकटा पडतो. हिंगोलीच्या नव्या कॉलेजात आपली जी पोरं आत जातील, त्यांनी पहिल्या दिवशी मावशीचं पूर्ण नाव विचारावं. तिच्या बाजूने जो उभा राहील, त्याच्या बाजूने उद्या ती उभी राहील.

मग करायचं काय? नुसती भाषणं नकोत, माझंही नको.

आपल्या चळवळीने १९७२ साली ज्यांच्याकडून नाव घेतलं, त्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर्सनी फक्त घोषणा दिल्या नाहीत. त्यांनी वस्त्यांत फुकट दवाखाने चालवले, सिकलसेलच्या तपासण्या केल्या. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात लिंकन हॉस्पिटल नावाचं मोडकळीला आलेलं सरकारी इस्पितळ होतं. रोगी गरीब, काळे आणि पोर्टो रिकन. झाडणारे, पुसणारे, मदतनीस हेही त्याच वस्तीतले. यंग लॉर्ड्स या पोरांच्या संघटनेने आणि दवाखान्यातल्या कामगारांनी मिळून आत एक टेबल टाकलं. तक्रारीचं टेबल. रोग्याने तक्रार सांगायची, कामगारानेही सांगायची. मग १४ जुलै १९७० ला त्यांनी इस्पितळाची एक इमारतच काही तास ताब्यात घेतली. मागण्या रोग्यांच्याही होत्या आणि कामगारांच्याही. एकाच कागदावर.

यात आपल्यासाठी किल्ली आहे. सरकारी दवाखान्यात आपली माणसं दोन्हीकडे आहेत. खाटेवर आपली, झाडूवर आपली. आणि भांडण कुणात लागतं? खाटेवरच्याचा भाऊ मावशीवर ओरडतो, चादर का बदलली नाही. मावशी त्याच्यावर ओरडते, चादर असली तर बदलीन ना! दोघं एकमेकांच्या अंगावर. आणि ज्याने चादरी खरेदी केल्या नाहीत, ज्याने पद भरलं नाही, तो वर एसीत. हे भांडण मोडणं हे आपलं पहिलं काम.

म्हणून सांगतो. प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्याच्या दारात आठवड्यातून एक दिवस टेबल टाका. रोग्यांची तक्रार लिहा, कामगारांची लिहा, एकाच वहीत. माहिती अधिकारात विचारा: मंजूर पदं किती, भरलेली किती, कंत्राट कुणाला, माणशी किती पैसे दिले. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कंत्राटी कामगाराकडून पगाराची पावती आणि पीएफचा नंबर मागा. पगार कापला जातो आणि भरला जात नाही, तर ते लिहून ठेवा. कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात ती होती, नव्या श्रम संहितांतही आहे. लसीचं रजिस्टर बघायला मागा. सुई टोचल्याची नोंद होते का, विचारा. सुप्रीम कोर्टाने २०१६ साली जगजित सिंग खटल्यात सांगितलं की समान काम करणाऱ्या तात्पुरत्या कामगाराला समान दाम द्या. २०२४ च्या डिसेंबरात जग्गो खटल्यात वर्षानुवर्षं राबलेल्या सफाईवाल्यांना कायम करायला लावलं. हे दोन निकाल मराठीत लिहून काढा आणि कपड्यांच्या गाठोड्यांशेजारी बसून मावशीला वाचून दाखवा. तिला अक्षर येत नसेल, पण हिशेब तिला तुमच्यापेक्षा चांगला येतो.

आणि दया करायला जाऊ नका. फोटो काढायला तर मुळीच जाऊ नका. झाडूला नमस्कार करू नका. झाडूचं यंत्र करा, कामाच्या पाळ्या लावा, बढतीची शिडी लावा. सफाईगाराला शिकवून टेक्निशियन करा, त्याच्या हाताला शब्द द्या. तेवढं झालं की अर्थ आपोआप येईल. मग ज्याला सफाई करायची तो निवडून करील, भरपूर दाम घेऊन करील, आणि त्याला कुणी मामा म्हणून बोलावणार नाही, नावाने बोलावील.

औंढ्याजवळ दुधाळ्याला मोठी प्रयोगशाळा होणार आहे. २,६०० कोटींची. अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, त्याची लाट आज पृथ्वीवर आली तर ती तिथं मोजणार. अणूहून बारीक हालचाल पकडणारी यंत्रं याच जिल्ह्यात बसणार. बसू द्या, विज्ञान आपलंच आहे. पण त्याच जिल्ह्याच्या दवाखान्यात स्टाफरूमची खुर्ची आणि जिन्याखालची जागा यांत किती अंतर आहे, ते मोजायला कोणतं यंत्र लागतं? दहा पावलं असेल. हजारो वर्षांत कुणी मोजलं नाही, कारण मोजणारा नेहमी खुर्चीवर बसलेला होता.

ते आपण मोजायचं. वही घ्या, टेबल घ्या, आणि सोमवारी सकाळी आठला, पाळी बदलायच्या वेळी, दवाखान्याच्या दारात या. पहिल्या पानावर मावशीचं नाव लिहा. पूर्ण नाव, तिच्या तोंडून विचारून.

जय भीम.